शेगडीभोवतीचं बेसबॉल

नमस्कार मंडळी. बेसबॉलवर व्याख्यान म्हटल्यावर मी सामन्यांबद्दल बोलेन, अशी तुमची अपेक्षा असेल. मला बोलायचंय ते सामने नसतात त्या दिवसांबद्दल. ऑक्टोबरच्या शेवटी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, संपते. फेब्रुवारीच्या मध्यावर चेंडू टाकणारे पिचर आणि तो झेलणारे कॅचर फ्लोरिडा-ॲरिझोनातल्या सराव शिबिरांत हजर होतात. मधले साडेतीन महिने एकही चेंडू पडत नाही, आणि बॉस्टनमध्ये बेसबॉलवरून झालेली सगळ्यात कडाक्याची भांडणं मी याच महिन्यांत ऐकली आहेत.

तिकडे याला 'हॉट स्टोव्ह लीग' म्हणतात. जुन्या काळी गावच्या किराणा दुकानात मधोमध लोखंडी शेगडी पेटलेली असायची. बाहेर बर्फ, कामं बंद, आणि माणसं शेगडीला हात शेकत पुढच्या वर्षीचा संघ जुळवत बसायची. कुणाला विकायचं, कुणाला आणायचं, खालच्या लीगमधल्या कुठल्या पोरात दम आहे. आपल्याकडचा पारच, फक्त थंडीपायी घरात आलेला.

आजची शेगडी कशी असते त्याचं एक उदाहरण देतो. ८ डिसेंबर २०२३. शोहेई ओहतानी हा जपानी तारा करारमुक्त होता आणि कुठल्या संघात जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दक्षिण कॅलिफोर्नियातून टोरांटोकडे एक खासगी विमान निघालं आणि हजारो लोक नकाशावरचा त्या विमानाचा ठिपका तासन् तास बघत बसले. विमान उतरलं, तर आतून भलताच माणूस बाहेर आला. दुसऱ्या दिवशी ओहतानीने लॉस एंजेलिस डॉजर्सबरोबर १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. टोरांटोच्या लोकांना त्या संध्याकाळी काय वाटलं असेल, ते मला चांगलं कळतं. कारण २००३च्या डिसेंबरात आम्हीही तसेच बसलो होतो.

मी पेशाने स्थापत्य अभियंता. बॉस्टन शहराच्या पोटातून महामार्ग नेणाऱ्या 'बिग डिग' प्रकल्पावर तेव्हा कामाला होतो. साइटवर आमची पत्र्याची केबिन होती. तिच्यात एक इलेक्ट्रिक हीटर, त्याच्यावर वाळत घातलेले हातमोजे आणि भोवती सात-आठ माणसं. त्यात साठी उलटलेला एक इलेक्ट्रिशियन होता. जन्म बॉस्टनचा, युनियनचा जुना माणूस. बोगद्यातल्या दिव्यांच्या तारा ओढायचा आणि जेवणाच्या सुट्टीत रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर रेड सॉक्सचा, म्हणजे आमच्या बॉस्टनच्या क्लबचा, पुढच्या मोसमाचा संघ लिहायचा. रोज नवा कागद. मला बेसबॉल त्याने शिकवलं.

त्या हिवाळ्याला एक जखम होती. १६ ऑक्टोबर २००३ला वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत, न्यू यॉर्कमध्ये तिथल्या यँकीजविरुद्धच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात, नऊपैकी आठव्या डावात आम्ही तीन धावांनी पुढे होतो. आमचा पिचर पेड्रो मार्टिनेझ थकलाय हे टीव्हीसमोरच्या पोरांनाही दिसत होतं, पण मॅनेजरने त्याला काढलं नाही. बरोबरी झाली. अकराव्या डावात यँकीजच्या आरन बूनने होम रन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारला आणि आमचा मोसम संपला. बॉस्टनने शेवटचं विजेतेपद १९१८ला मिळवलं होतं. आमच्या इलेक्ट्रिशियनचा बाप दुसरं विजेतेपद न बघताच गेला होता.

१९१८नंतरचा हा दुष्काळ कुठून आला, तेही हिवाळ्याचंच काम. डिसेंबर १९१९मध्ये रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला यँकीजला विकलं. किंमत १ लाख डॉलर, शिवाय यँकीजच्या मालकाकडून ३ लाखांचं कर्ज, आणि त्या कर्जाला तारण म्हणून रेड सॉक्सचं खुद्द मैदान, फेनवे पार्क. रूथने त्या मोसमात २९ होम रन मारले होते, तोच तेव्हा विक्रम होता. पुढच्या वर्षी यँकीजकडून ५४ मारले. या विक्रीबद्दल रूथला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती.

इथे जरा थांबतो, कारण हे कळल्याशिवाय हिवाळ्यातला वाद कळत नाही. त्या काळच्या करारात 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचं कलम असे. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच. खेळायचं तर त्यांच्याकडेच, नाहीतर खेळ सोडून घरी बसायचं. १९६९च्या ऑक्टोबरात सेंट लुइसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा वर्षं सेंट लुइसमध्ये खेळलेला, मैदानाच्या मध्यावरचा अव्वल क्षेत्ररक्षक. त्याने २४ डिसेंबरला बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. आशय असा, की माझी इच्छा न विचारता मला विकावं-विकत घ्यावं, अशी मी कुणाची मालमत्ता नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७२ला ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड हरला. खटल्याच्या काळात तो जेमतेम १३ सामने खेळला आणि कारकीर्द आटोपली. वाट मोकळी झाली ती डिसेंबर १९७५मध्ये. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला. आज मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं सेवा झाली की खेळाडू मुक्त होतो आणि कुठे जायचं ते स्वतः ठरवतो.

आपल्या आयपीएलच्या लिलावाशी याची तुलना करून बघा. नोव्हेंबर २०२४ला जेद्दामध्ये ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली. आपल्या मुंबईच्या श्रेयस अय्यरने त्याच वर्षी कोलकात्याला कप्तान म्हणून विजेतेपद मिळवून दिलं होतं, तो लिलावात आला आणि पंजाबने २६ कोटी ७५ लाखांना घेतला. पैसा मोठा, पण एकदा लिलावात नाव घातलं की हातोडी पडेल ते गाव आपलं. फ्लड ज्यासाठी भांडला ती गोष्ट नेमकी इथे नाही, आणि आपल्या क्रिकेटप्रेमींनी यावर जास्त बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता परत २००३च्या केबिनमध्ये. वर्ल्ड सिरीज संपली न संपली तोच रेड सॉक्सने मॅनी रामिरेझला वेव्हर्सवर टाकलं. म्हणजे कुठल्याही संघाने त्याच्या पगाराचा उरलेला बोजा उचलावा आणि घेऊन जावं, बदल्यात काही द्यायला नको. देशातला एक अव्वल फलंदाज फुकटात, आणि एकाही संघाने हात वर केला नाही. नोव्हेंबरात जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन, तिशीही न गाठलेला तरुण, पिचर कर्ट शिलिंगच्या ॲरिझोनातल्या घरी गेला. शिलिंगच्या संमतीशिवाय त्याची अदलाबदल होऊ शकत नव्हती, म्हणून घरी जाऊन मन वळवायला हवं होतं. थँक्सगिव्हिंगचं जेवण एपस्टीनने त्यांच्याकडेच घेतलं. शिलिंग हो म्हणाला.

आणि मग डिसेंबरात ॲलेक्स रॉड्रिगेझचं नाव आलं. ए-रॉड. २००३चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, टेक्सासबरोबर १० वर्षांचा, २५ कोटी २० लाख डॉलरचा करार. सौदा असा ठरत होता: मॅनी टेक्सासला, ए-रॉड बॉस्टनला. ए-रॉड शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर, आला की तिथला आमचा लाडका नोमार गार्सियापारा शिकागो व्हाइट सॉक्सला जाणार आणि त्याच्या बदल्यात मॅग्लिओ ऑर्डोनेझ येणार. नोमारचं महिन्यापूर्वीच लग्न झालं होतं. केबिनमध्ये दोन तट पडले. पोरवयाचे सगळे ए-रॉडच्या बाजूने. मीही. नोमारवर जीव होता, पण १९१८ संपवायचं होतं. आमचा इलेक्ट्रिशियन काही न बोलता कागदावर नावं लिहायचा आणि खोडायचा.

ए-रॉड इतका आतुर होता, की स्वतःच्या पगारातून जवळपास २ कोटी ८० लाख डॉलर सोडायला तयार झाला. तिथे खेळाडूंच्या युनियनने सौदा अडवला. केलेल्या कराराची किंमत अशी खाली आणता येणार नाही, मग खेळाडू स्वतः राजी असला तरी. ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात सौदा मोडला. त्याच आठवड्यात, २० डिसेंबरला, आमचा दक्षिणेकडे जाणारा बोगदा वाहतुकीला खुला झाला. खरं तर केबिनमध्ये आनंदाचा दिवस. पण सगळे युनियनला शिव्या घालत होते. कोट्यधीश माणूस स्वखुशीने पैसे सोडतोय, तुमचं काय जातंय?

तेव्हा म्हातारा बोलला. हीटरवरचा हातमोजा उलटा करत म्हणाला, "आज तो स्वखुशीने सोडेल. उद्या मालक दुसऱ्याला सांगेल, ए-रॉडने सोडले, तू का नाही सोडत? परवा ते माझ्यापर्यंत येईल." मग कर्ट फ्लडची गोष्ट त्याने आम्हाला सांगितली. मघाशी तुम्हाला सांगितली ती मी पहिल्यांदा तिथे ऐकली. "मला ए-रॉड तुमच्यापेक्षा जास्त हवाय. माझ्याकडे तुमच्याइतके हिवाळे उरलेले नाहीत," म्हणाला. "पण युनियन बरोबर आहे."

मी त्या दिवशी गप्प बसलो. तोवर मी खेळाडूंबद्दल बोलायचो ते साइटवरच्या मालाबद्दल बोलावं तसं: हा द्या, तो आणा, याची मुदत संपत आली, काढून टाका.

जानेवारीत एक विचित्र गोष्ट घडली. ज्या आरन बूनने आम्हाला हरवलं होतं, त्याचा बास्केटबॉल खेळताना गुडघा मोडला. यँकीजला थर्ड बेसला माणूस हवा झाला. फेब्रुवारीत त्यांनी अल्फोन्सो सोरियानोला टेक्सासला देऊन ए-रॉडला घेतलं. आमच्या हातून निसटलेला माणूस थेट त्यांच्याकडे. त्या दिवशी केबिनमध्ये शेगडी थंडच होती.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, पण कुठल्या हिवाळ्याने ते घडवलं ते बघण्यासारखं आहे. १७ ऑक्टोबर २००४, पुन्हा यँकीज, सातांच्या मालिकेत आम्ही पहिले तीन सामने हरलेलो, चौथा हरला की घरी. नववा डाव, एका धावेने मागे, समोर यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलार चार चुकीचे चेंडू मिळवून न मारताच फर्स्ट बेसवर गेला. त्याच्या जागी धावायला आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने सेकंड बेस चोरला, म्हणजे फटका न लागताच पळत गाठला. बिल म्यूलरने चेंडू मधोमध मारला, रॉबर्ट्स धाव पुरी करून आला, बरोबरी. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारून सामना जिंकून दिला.

रॉबर्ट्स सोडला, तर बाकी तिघे २००२-०३च्या हिवाळ्यात आलेले. ऑर्टिझला मिनेसोटाने डिसेंबर २००२मध्ये चक्क सोडून दिलं होतं, पगार वाढवायला नको म्हणून. बॉस्टनने जानेवारीत साडेबारा लाख डॉलरला घेतला. मिलारला फ्लोरिडाने जपानच्या एका संघाला विकलं होतं, बॉस्टनने संकेत मोडून मध्येच त्याच्यावर हक्क सांगितला, आणि पुढे तोही जपानला जायला तयार राहिला नाही. म्यूलरचा करार कुणाच्या लक्षातही आला नव्हता. त्या हिवाळ्यात आम्ही केबिनमध्ये या तिघांवरून एक दिवसही भांडलो नव्हतो. इलेक्ट्रिशियनच्या कागदांवर ती नावं असायची, खाली, कोपऱ्यात.

बॉस्टनने चार सामने लागोपाठ जिंकले, मग सेंट लुइसलाही चार सामन्यांत हरवलं. वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मॅनी रामिरेझ, ज्याला वर्षापूर्वी फुकटातही कुणी नेलं नव्हतं. नोमार मात्र नव्हता. त्याला जुलैच्या शेवटच्या दिवशी शिकागोच्याच दुसऱ्या संघाला, कब्सला, दिलं होतं. त्या विजयातही मला नोमारची रुखरुख लागली होती.

मूकी बेट्सबद्दलही सांगतो, नाहीतर नंतर प्रश्न येईलच. बॉस्टननेच निवडलेला, खालच्या लीगमध्ये वाढवलेला मुलगा. मुक्त व्हायला एक वर्ष उरलं असताना फेब्रुवारी २०२०मध्ये त्याला डॉजर्सकडे देऊन टाकलं. त्यांनी १२ वर्षांसाठी ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार दिला आणि त्याच वर्षी ते विजेते झाले. बॉस्टनचे लोक अजून चिडतात आणि तो राग मला रास्त वाटतो. पैसा नसलेल्या क्लबने असं केलं असतं तर गोष्ट वेगळी. पण २०२०मध्ये बॉस्टन १९१९इतकं कर्जात नव्हतं.

बिग डिगचं माझं काम संपलं, इलेक्ट्रिशियन निवृत्त होऊन न्यू हॅम्पशायरला गेला. जाताना त्याने मला डिसेंबर २००३चा एक कागद दिला होता. ए-रॉड शॉर्टस्टॉपला, ऑर्डोनेझ लेफ्ट फील्डला, असा न झालेला संघ.

२८ ऑक्टोबर २००७च्या रात्री रेड सॉक्सने डेन्व्हरमध्ये पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली. शेवटचा सामना सुरू केला जॉन लेस्टर नावाच्या २३ वर्षांच्या डावखुऱ्या पिचरने. वर्षापूर्वी त्याला लिम्फोमा, लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. उपचार घेऊन परत आलेल्या त्या मुलाने पाचव्या डावापर्यंत, आणि सहाव्यातही दोन गडी बाद करेपर्यंत, समोरच्यांना एकही धाव दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू हॅम्पशायरहून फोन आला. आवाज थकलेला होता.

"तो कागद आहे का रे तुझ्याकडे? ए-रॉडच्या बदल्यात मॅनीबरोबर आणखी एक जण जाणार होता. कोण होता तो?"

मी फाइल काढली. मॅनीच्या नावावर काट मारलेली होती आणि पुढे बाणाने टेक्सास. बाणाच्या खाली बारीक अक्षरांत, नाव न घालता, त्याने लिहिलं होतं: अधिक एक डावखुरा पोरगा, वय १९.

मी ते फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पुन्हा वाच."