काढा पोटात गेल्यावर

मंडळी, येताना दादर स्टेशनबाहेरून गवती चहाची ही जुडी घेतली. पान चुरगाळा, हुंगा आणि पुढे द्या. हा वास सिट्रालचा, म्हणजे पानातल्या उडून जाणाऱ्या द्रव्याचा. उघड्या पातेल्यात उकळलात की हाच वास घरभर घमघमतो आणि कपात उरतं पिवळसर पाणी. झाकण ठेवा. उतरवलं की जरा निवू द्या, मग झाकणाच्या आतले थेंब पातेल्यातच निथळवा. एक थेंब बोटावर घेऊन चाखा, पळू पाहणारा वास तिथे सापडेल.

हळदीची तऱ्हा उलटी. तिच्यातलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तळाशी गाळ होऊन बसतं. तो गाळ तुम्ही प्यायलात असं धरू.

पण प्यायलं म्हणजे अंगी लागलं असं नव्हे. तोंडापासून खालपर्यंत ही एक नळी आहे. नळीतला काढा अजून शरीराच्या बाहेरच आहे, असं मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरं हसायची. जठरात फारसं काही शोषलं जात नाही. खरं काम लहान आतड्याचं. त्याचं मखमली अस्तर उलगडलं तर सुमारे 30 चौरस मीटर भरतं. जुन्या पुस्तकांत टेनिस कोर्टाएवढं म्हणायचे, ते फुगवलेलं. तीनशे-सव्वातीनशे चौरस फूट, आपला वन आरके!

तिथून रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं. मुलुंडचा जुना जकात नाका आठवा. कर्क्युमिनला आतड्यात आणि यकृतात दुसरा रेणू चिकटवतात आणि त्याची बाहेर रवानगी होते. मिऱ्यातलं पिपरिन ही चिकटवाचिकटवी मंदावतं. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तर ते रक्तात वीसेक पट जास्त उतरलं. आपण खूश होतो. पण नाकेदार डुलकी घेतो तेव्हा फक्त हळदीचा ट्रक सुटत नाही. फिटवरच्या फेनिटॉइन या औषधाची रक्तातली पातळीही पिपरिनने वाढते. त्यामुळे घरात कुणाची अशी गोळी चालू असेल, तर मिऱ्याचा अर्क असलेल्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आता सोनामुखी, पोट साफ व्हायला घेतात ती. हिला रक्तात शिरायची गरजच नाही. तिच्या द्रव्याला साखर जोडलेली असते, म्हणून लहान आतडं ते आत घेत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जिवाणू साखर तोडतात, आणि मगच त्याचं रेचक होतं. या सगळ्याला सहा ते बारा तास लागतात. रात्री झोपताना घ्या म्हणतात, ते यासाठी. आमच्या चाळीतल्या एका काकांनी सकाळी सातला घेतली, आठच्या लोकलपर्यंत काहीच झालं नाही म्हणून निर्धास्त फोर्टला ऑफिसात गेले. दुपारी दोनला साहेबांसमोर बसले होते.