जॅझ, ब्लूज, हिप हॉप आणि कोल्हापूरचा कान

रसिकहो,

1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली आणि प्रत्येक यानासोबत पृथ्वीवरच्या संगीताची एक सोनेरी तबकडी पाठवली. तीवरच्या 27 रचनांमध्ये केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ज्या अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी या करवीर दरबारात मानाचे स्थान दिले, त्यांच्या त्या शिष्या. त्याच तबकडीवर टेक्सासचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन याचे 1927 सालचे ध्वनिमुद्रण आहे आणि त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँगने आपल्या साथीदारांसह वाजवलेली एक रचनाही आहे. जॉन्सनच्या त्या गाण्यात शब्द नाहीत. तो नुसता गुणगुणतो आणि गिटारच्या तारेवरून घसरत जाणारा स्वर त्याला जाब देत राहतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ते गाणे परके वाटावे असे त्यात काहीही नाही.

जॅझ, ब्लूज आणि हिप हॉप ही तिन्ही संगीते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या कष्टांतून आणि प्रतिभेतून जन्मली. पुढे ती जगभर गेली; पण ती खरी रुजली ती ज्याने आपल्या गावात घडलेला कान सोबत ठेवून त्यांना हात घातला त्याच्याकडे, हे माझे आजचे म्हणणे आहे.

ब्लूजचा साचा अगदी साधा आहे. बारा मात्राखंडांचे एक आवर्तन; त्यात पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. गंधार आणि निषाद हे स्वर शुद्ध व कोमल यांच्या मधे कुठेतरी झुलत ठेवायचे, म्हणजे ती विशिष्ट व्याकुळता येते. मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून विजेवरची गिटार वाजवू लागला, तेव्हा आवाज बदलला, साचा तोच राहिला. मालीमध्ये नायजर नदीकाठी वाढलेल्या अली फार्का तुरेने अमेरिकन ब्लूज ऐकले, तेव्हा त्याला ते आपल्याकडचेच वाटले. त्याने बारा खंडांचा साचा उचलला नाही. एकतारी वाद्यांवर लहानपणी बसलेली चाल त्याने गिटारवर आणली, सोनघाय आणि फुलानी भाषांत गायला आणि 1994 मध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेने जगभर पोहोचला. नंतर तो आपल्याच निआफुंके गावाचा नगराध्यक्ष झाला.

जॅझमधल्या जँगो राइनहार्टबद्दल मात्र मला थोडे थांबून बोलायचे आहे. बेल्जियममध्ये 1910 साली जन्मलेला हा रोमा, म्हणजे भटक्या जमातीतला वादक. 1928 मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी व अनामिका कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने गिटारवादन नव्याने बसवले. 1934 मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर त्याने जो पंचक वाद्यवृंद उभा केला, त्यात ड्रम नव्हते, ट्रंपेट नव्हता. तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक डबल बेस. जॅझ म्हणजे पितळी वाद्ये, असे मानले जाण्याच्या त्या काळात त्याने ते तारांवर उभे केले आणि त्यात आपल्या जमातीच्या वादनातला कंप आणि वेग ओतला. आपल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या आयुष्यातही असाच प्रसंग आहे. अतिगायनाने त्यांचा आवाज बसला आणि परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी, लयीच्या अंगाने वळणे घेत जाणारी पेचदार गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली घराणे म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो, ती हीच. या दोघांमध्ये थेट दुवा कोणताही नाही. परंतु शरीराने घातलेली मर्यादा शैलीत कशी उतरते, हे ज्याला एका ठिकाणी कळले त्याला दुसऱ्या ठिकाणी समजावून सांगावे लागत नाही.

इथिओपियाचा मुलातू अस्तात्के अभियांत्रिकीसाठी ब्रिटनला गेला, संगीताकडे वळला आणि बॉस्टनच्या बर्कली विद्यालयात शिकला. त्याच्या देशातले संगीत पाच स्वरांच्या ठरावीक चौकटींवर चालते. त्यांपैकी ‘तिझिता’च्या एका प्रकारात आपल्या भूपाचेच पाच स्वर आहेत, चलन मात्र अगदी निराळे. अस्तात्केने या पंचस्वरी चौकटी मोडू न देता त्यांखाली जॅझची स्वरसंगती घातली, व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य वाजवले आणि त्याला इथिओ-जॅझ असे नाव दिले. 1974 मध्ये सम्राटाची सत्ता उलथली, लष्करी राजवटीने संचारबंदी लादली आणि अदिस अबाबाच्या रात्रीच्या मैफली थांबल्या. दक्षिण आफ्रिकेत तर त्याआधीच, वंशभेदी राजवटीत झालेल्या 1960 च्या शार्पव्हिल हत्याकांडानंतर, ह्यू मासेकेला आणि अब्दुल्ला इब्राहिम यांच्यासारख्या वादकांना देश सोडावा लागला. इब्राहिमच्या पियानोत केप टाउनच्या चर्चमधली स्तोत्रे परदेशातही ऐकू येत राहिली.

आपल्याकडे जॅझ गाजले ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद तिथे वाजवू लागला. गोव्याच्या गावागावांत चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली मुले ही भाषा चटकन शिकली. हळदोण्याचा आंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रंपेट घेऊन चित्रपटसंगीतात आला आणि 1951 च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्र यांच्याबरोबर वाजवता वाजवता त्याने मराठी घरांनाही त्या तालावर डोलायला लावले. अशा कितीतरी वादकांची नावे श्रेयनामावलीत कधी आली नाहीत, याचे मला मनापासून दुःख आहे.

हिप हॉपचा आरंभ 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका समारंभात झाला, असे मानतात. तिथे तबकड्या वाजवणारा कूल हर्क मूळचा जमैकाचा. रस्त्यावर मोठे ध्वनिक्षेपक मांडून त्यांवर लयीत बोलण्याची तिथली रीत त्याला ठाऊक होती. गाण्यातला केवळ तालाचा तुकडा दोन सारख्या तबकड्यांवर आलटून पालटून वाजवत त्याने तो लांबवला. पुढे सेनेगलमध्ये पॉझिटिव्ह ब्लॅक सोलने वोलोफ भाषेत रॅप केले. मुंबईत 2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांनी वस्तीतल्या हिंदीला तो ताल दिला. ‘स्वदेसी’ या गटाने 2019 मध्ये आरेच्या जंगलाच्या प्रश्नावर आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्याबरोबर जे गाणे केले, ते मला या सगळ्यांत विशेष मोलाचे वाटते, कारण त्यात वारली गाणे रॅपची सजावट म्हणून येत नाही, बरोबरीने उभे राहते.

दोन रॅपर एकमेकांसमोर उभे राहून शब्दांनी भिडतात, हे पाहून आपल्या तरुणांना नवल वाटते. या जिल्ह्यात भेदिक शाहिरीचे फड रात्र रात्र रंगले आहेत. कलगीवाल्याने शक्तीचे श्रेष्ठत्व मांडत कोडे घालायचे आणि तुरेवाल्याने शिवाची बाजू घेऊन, त्याच चालीत, तिथल्या तिथे ते सोडवून उलट सवाल टाकायचा. डफ, तुणतुणे आणि मागे झील धरणारे साथीदार एवढाच सरंजाम. शाहीर शेवटचे अक्षर लांबवतो, ते डफाच्या थापेच्या किंचित मागे टाकतो आणि झीलकऱ्यांना शिरायला जागा देतो. मराठीत रॅप करू पाहणारी मुले बहुधा इंग्रजीतला आघात मराठी शब्दांवर लादतात आणि तिथे आपले दीर्घ स्वर चिरडले जातात. डफाच्या मागे पडणाऱ्या त्या अक्षराचा हिशेब त्यांना दाखवू शकतील असे वयोवृद्ध शाहीर पन्हाळा, करवीर, कागल या भागांत आजही गातात.