रीसेट मारला तरी फोन जुना जीमेल मागतोय? मग हे ऐका

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये रोज तेच. "दादा, पॅटर्न विसरलो, पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रीसेट मारला, आता फोन जुनं खातं मागतोय."

भाषा निवडा, वायफाय जोडा, हे तुम्हाला येतं, ते सोडतो. तुम्हाला अडवतंय ते एफआरपी, म्हणजे फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन. २०१५ साली अँड्रॉइड ५.१ सोबत आलं. चोरानं फोन पुसला तरी त्याला तो वापरता येऊ नये, एवढ्यासाठीच. म्हणून पुन्हा पुन्हा रीसेट मारू नका, तीच स्क्रीन येणार.

फोनला हवंय ते रीसेटच्या आधी त्याच फोनमध्ये असलेलं गूगल खातं. तुमचं लॅपटॉपवरचं चालणार नाही. काल रात्री नवीन काढलंत ते तर अजिबात नाही! काही फोनवर खात्याऐवजी जुना पिन किंवा पॅटर्न टाकायचा पर्याय दिसतो. तो आठवत असेल तर सुटलात.

आमच्या काकू म्हणाल्या, "मी कधी जीमेल काढलंच नाही रे." अहो काकू, प्ले स्टोअरवरून ॲप घेत होतात ना? मग खातं होतंच. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं काढून दिलेलं. दुसऱ्या फोनवर गूगलचं खातं रिकव्हरीचं पान उघडलं, 'ईमेल विसरलात?' दाबलं, नंबर टाकला. पुढे ते नाव विचारतं. काकू आडनावासकट लिहायच्या, खातं सापडेना. पोरानं आडनाव भरलंच नव्हतं! नुसतं पहिलं नाव टाकलं आणि ओटीपी आला. खात्यात जसं नाव आहे तसंच टाका, आधार कार्डावरचं नको.

शक्यतो हे घरच्या वायफायवर, आधी ते खातं वापरलेल्या मोबाईल किंवा लॅपटॉपवरून करा. गूगल ओळखीचं ठिकाण बघतं.

एका भावानं लिहिलंय, "फुकटात बायपास सांग, नाहीतर अनसबस्क्राइब." कर बाबा. हे लॉक चुकवायला कुठलीतरी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आणलेली ॲपची फाइल, टाकायची आणि त्याच फोनवर यूपीआय चालवायचं, हे मी नाही सांगणार. अँड्रॉइड १५ पासून तर सेटअप चुकवून आत शिरलात तरी नवीन खातं जोडता येत नाही.

सेकंडहँड घेतलाय? मग खातं विकणाऱ्याचं. त्याला गाठा, समोर बसवून लॉगिन करायला लावा, खातं काढायला लावा आणि मग सेटिंग्जमधून रीसेट. तो फोनच उचलत नसेल तर पक्कं बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. बिलही नाही? मग ज्यानं विकला त्याच्याकडे पैसे परत मागा, माझ्याकडे बायपास नको.