चेल्टनहॅमच्या मुली डॉक्टर झाल्या, त्याची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज एका शाळेबद्दल बोलायचंय. चेल्टनहॅम लेडीज कॉलेज. नावात कॉलेज आहे पण ही शाळाच, इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये, मुलींची बोर्डिंग शाळा, १८५३ साली स्थापन झालेली आणि आजही चालू असलेली. या शाळेतून नंतर डॉक्टर झालेल्या पाच जणींची करिअर मी आज तुमच्यासमोर मांडणार आहे. सगळ्या काही सारख्या प्रसिद्ध नाहीत, एकीचा तर लंडनमध्ये पुतळा आहे आणि दुसरीचं नाव फार कमी लोकांना माहितीय, पण पाचही आयुष्यं शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते, आणि मला ती महत्त्वाची वाटते. यातल्या एकीचंही करिअर सरळ रेषेत गेलेलं नाही. समोरचं दार बंद, मग जिकडे फट दिसेल तिकडून आत शिरायचं, आणि ती फट कधी झुरिकला, कधी काबूलला, तर कधी चीनमध्ये.

आधी शाळा समजून घेऊ. १८५८ साली डोरोथिया बील नावाच्या बाई तिथे मुख्याध्यापिका म्हणून आल्या. पटावर सत्तरच्या आसपास मुली, पैसे संपत आलेले, शाळा बंद पडते की काय अशी अवस्था. बीलबाई तिथे १९०६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिल्या, जवळजवळ अर्धं शतक. त्या काळात चांगल्या घरातल्या मुलीने काय शिकायचं तर थोडं फ्रेंच, थोडा पियानो, विणकाम, चित्रकला. मुलीला भूमिती शिकवतात म्हटलं की पालक नाव काढून नेतील अशी परिस्थिती, म्हणून बीलबाईंनी युक्ती केली, विज्ञान शिकवायला सुरुवात केली ती प्राकृतिक भूगोल या नावाखाली, कारण त्या नावाला कुणी घाबरत नव्हतं! आपल्याकडे पुण्यात १८८४ ला हुजूरपागा सुरू झाली तेव्हाही मुलींनी नेमकं काय शिकावं यावरून किती वाद झाले ते तुम्हाला माहितीच आहे. तर भांडण दोन्हीकडे एकच होतं.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. ही शाळा सगळ्यांसाठी नव्हती. दुकानदाराच्या मुलीला तिथे प्रवेश मिळत नसे, वडील जंटलमन पाहिजेत. म्हणजे आज ज्या पाच जणींबद्दल मी कौतुकाने बोलणार आहे त्यांच्यामागे घरचा पैसा होता, परदेशी जाऊन शिकायची ऐपत होती, आणि तितक्याच हुशार हजारो मुली त्या फाटकाबाहेरच राहिल्या. हे बाजूला ठेवून नुसतं कौतुक करणं मला पटत नाही.

आता पहिली. एलायझा वॉकर डनबार. जन्म १८४५, आणि कुठे, तर आपल्या मुंबईत! कुटुंब स्कॉटिश. मुलगी चेल्टनहॅमला शिकली, मग जर्मनीत फ्रँकफर्टला, आणि मग डॉक्टर व्हायचं ठरवलं. पण ठरवून उपयोग काय, ब्रिटनमधलं एकही विद्यापीठ बाईला मेडिकलची डिग्री द्यायला तयार नव्हतं. मग ती गेली स्वित्झर्लंडला, झुरिकला, कारण तिथल्या विद्यापीठाने बायकांना घ्यायला नुकतीच सुरुवात केली होती. १८७२ ला एमडी झाली, पुढे व्हिएन्नाला थोडं शिकली, आणि परत आली तर इथे त्या एमडीला कायद्याने काही किंमतच नाही. १८५८ चा मेडिकल ॲक्ट असा होता की डॉक्टरांच्या अधिकृत रजिस्टरवर नाव लागायला ब्रिटिश संस्थेची पात्रता हवी, परदेशी डिग्री चालणार नाही, आणि ब्रिटिश संस्था बाईला परीक्षेलाच बसू देणार नाहीत. आता काय करायचं माणसाने?

तरीही ब्रिस्टलच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलने तिला हाऊस सर्जन, म्हणजे हॉस्पिटलातच राहणारी डॉक्टर, म्हणून नेमलं. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलात अशी नोकरी मिळालेल्या अगदी पहिल्या बायकांमधली ती एक. मग मतभेदाचं निमित्त झालं आणि तिथल्या पुरुष डॉक्टरांनी राजीनामे दिले. क्षणभर तिच्या जागी उभे राहून बघा. वय तिशीच्या आत, वॉर्डात आजारी पोरं, आणि तुम्ही तिथे आहात म्हणून बाकीचे डॉक्टर काम सोडून निघालेत. हॉस्पिटल बंद पडलं तर खापर कुणावर फुटणार ते सांगायला नको. काही आठवड्यांत तिने स्वतःच नोकरी सोडली.

मला तिचं खरं मोठेपण दिसतं ते यानंतर. ती ब्रिस्टल सोडून गेली नाही. त्याच गावात १८७४ ला बायका-मुलांसाठी दवाखाना सुरू झाला, रीड डिस्पेन्सरी, तिथे ती काम करू लागली. अजून रजिस्टरवर नाव नाही, हे लक्षात घ्या. १८७६ ला कायदा बदलला, परीक्षा घेणाऱ्या संस्थांना बायकांना घ्यायची मुभा मिळाली, सक्ती नाही, नुसती मुभा. ती वापरायची तयारी दाखवली डब्लिनच्या फिजिशियन्सच्या कॉलेजने. १८७७ ला तिथे परीक्षा देऊन ज्या पहिल्या काही बायकांनी लायसन्स मिळवलं त्यात डनबारबाई होत्या, आणि त्याच वर्षी तिथेच पास झालेल्या आणखी एक म्हणजे एडिथ पीची. पीचीबाई चेल्टनहॅमच्या नव्हेत, पण नाव ओळखीचं वाटलं असेल, कारण याच पुढे मुंबईला आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या पहिल्या प्रमुख डॉक्टर झाल्या. मुंबईत जन्मलेली एक बाई ब्रिस्टलमध्ये दवाखाना चालवतेय आणि तिच्याबरोबर परीक्षा पास झालेली दुसरी मुंबईत येऊन हॉस्पिटल उभं करतेय. डनबारबाईंनी १८९५ ला ब्रिस्टलमध्ये बायका-मुलांसाठी हॉस्पिटलही काढलं आणि पुढेही त्याच गावात राहिल्या.

दुसरी लुईसा ऑल्ड्रिच-ब्लेक, जन्म १८६५, हिचा काळ वीस वर्षांनी पुढचा, आणि या वीस वर्षांत फरक पडला होता. १८७४ ला लंडनमध्ये बायकांसाठी स्वतंत्र मेडिकल स्कूल निघालं होतं, रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष वॉर्डात शिकायची सोय झाली होती, लंडन विद्यापीठ बायकांना डिग्री देत होतं. म्हणजे झुरिकला जायची गरज उरली नव्हती. लुईसा १८८७ ला त्या स्कूलमध्ये दाखल झाली आणि १८९५ ला मास्टर ऑफ सर्जरी, एमएस, झाली. ही पदवी मिळवणारी पहिली ब्रिटिश बाई. आणि सर्जरी म्हणजे त्या काळी अजिबात बायकांचं काम समजलं जात नव्हतं. बायकांनी डॉक्टर व्हायचं तर बाळंतपणं करा, पोरांना औषधं द्या, पण पोट फाडायचं म्हणजे काय! लुईसा गर्भाशयाच्या मुखाच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करायची. बोलायची अगदी कमी आणि टेबलाशी अत्यंत शांत, अशी तिची ख्याती होती.

या स्कूलशी आपलं एक नातं आहे. ती तिथे शिकत होती त्याच वर्षांत आपल्या डॉ. रखमाबाई त्याच स्कूलमध्ये होत्या. नवरा दादाजी याने घातलेल्या खटल्यानंतर १८८९ ला त्या लंडनला गेल्या, पीचीबाईंनी त्यांच्यासाठी खूप खटपट केली होती, आणि १८९४ ला डॉक्टर होऊन परतल्या, मग सुरतेला हॉस्पिटल सांभाळलं. रखमाबाईंची गोष्ट आपण नेहमी इथून, खटल्याच्या बाजूने सांगतो. पण त्या ज्या वर्गात जाऊन बसल्या तो वर्ग कसा तयार झाला होता, तिथे आसपास कोण होतं, हेही बघायला हवं ना.

पुढे १९१४ ला लुईसाबाई त्या स्कूलच्या डीन झाल्या. महायुद्ध सुरू झालं. सुट्टीत त्या फ्रान्सला रॉयोमाँच्या हॉस्पिटलात जाऊन ऑपरेशनं करून यायच्या, ते हॉस्पिटल पूर्ण बायकांनी चालवलेलं. १९१६ ला सैन्याला डॉक्टर कमी पडायला लागले तेव्हा त्यांनी मेडिकल रजिस्टरवरच्या एकूण एक बाईला पत्र लिहून विचारलं, की तुम्ही सैन्याबरोबर काम करायला तयार आहात का? ४८ जणी तयार झाल्या. माल्टा, इजिप्त, सलोनिका, जिथे पाठवलं तिथे गेल्या. बायकांना मात्र सैन्याने अधिकाऱ्याचा हुद्दा दिला नाही. काम तेच, जखमी तेच, पण कमिशन नाही. मला याचा आजही राग येतो.

लंडनला कुणी गेलात तर टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला नक्की जा. आपले लोक तिथे गांधीजींच्या पुतळ्यासाठी जातातच. त्याच बागेच्या कोपऱ्यात लुईसाबाईंचं स्मारक आहे, रचना एडविन लट्यन्सची, म्हणजे नवी दिल्ली ज्यांनी आखली तेच. पाच मिनिटं तिथेही थांबा.

आता लिलियास हॅमिल्टन. या बाईचं करिअर कशात बसवायचं हा प्रश्न पडतो, इतकं ते विलक्षण आहे. जन्म ऑस्ट्रेलियात १८५८ चा. चेल्टनहॅमनंतर आधी लिव्हरपूलच्या वर्कहाऊसच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली, म्हणजे गोरगरिबांच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या वॉर्डात, तिथून मग मेडिकल. १८९० ला डॉक्टर झाली आणि थेट कलकत्ता गाठलं, तिथे प्रॅक्टिस केली, लेडी डफरिन हॉस्पिटलचं काम पाहिलं. आणि १८९४ ला ती काबूलला गेली, अफगाणिस्तानचे राजे, अमीर अब्दुर रहमान खान, यांची दरबारी डॉक्टर म्हणून! आदल्याच वर्षी ड्युरंड रेषेचा, म्हणजे हिंदुस्थान-अफगाणिस्तान सरहद्दीचा, करार झाला होता. अमीर संधिवाताने हैराण. इंग्रज सरकारचं लष्कर जिथे टिकलं नव्हतं तिथे ही बाई दवाखाना चालवत होती, देवीची लस टोचत होती. त्याच काळात अमीराने तिथल्या हजारा जमातीच्या लोकांवर जे अत्याचार केले तेही तिने जवळून पाहिले आणि परत आल्यावर त्यावर कादंबरी लिहिली, ती १९०० साली छापून आली.

नंतर १९०८ पासून ती वॉरिकशायरमधल्या स्टडली इथल्या बायकांच्या शेतकी कॉलेजची प्रमुख झाली. मुलींना बागकाम, दूधदुभतं, शेतीचा हिशोब शिकवायची. मध्ये युद्धात माँटेनेग्रोला जाऊन टायफॉइडचं हॉस्पिटल चालवलं आणि परत आपल्या कॉलेजवर. कुणी म्हणेल मेडिकलची सीट वाया घालवली. मला तसं वाटत नाही. चेल्टनहॅममध्ये बीलबाईंनी जे तिच्यासाठी केलं तेच तिने दुसऱ्या मुलींसाठी केलं, फक्त विषय वेगळा.

आणि बघा, डनबार, हॅमिल्टन, ऑल्ड्रिच-ब्लेक, तिघीही १९२५ या एकाच वर्षी गेल्या.

राहिल्या दोन, आणि त्या सख्ख्या बहिणी. लोवेनफेल्ड. वडील पोलंडहून आलेले, लंडनमध्ये धंद्यात भरपूर पैसा मिळवलेले. धाकटी मार्गारेट बालमानसतज्ज्ञ झाली. पहिल्या महायुद्धानंतर ती पोलंडमध्ये मदतकार्याला गेली, तिथली मुलं बघून आली, आणि १९२८ ला लंडनमध्ये मुलांसाठी क्लिनिक काढलं. तिथे एका ट्रेमध्ये वाळू, शेजारी पाणी, आणि कपाटात छोटी छोटी खेळणी, माणसं, घरं, गाड्या, जनावरं, कुंपणं. मुलाला सांगायचं, तुला हवं ते मांड. बोलता न येणारं, बोलायचं नसलेलं मूल त्या वाळूत मांडून दाखवायचं की आत काय चाललंय. पोरं त्याला ‘वर्ल्ड’ म्हणायला लागली आणि पद्धतीला तेच नाव पडलं. आज जगभर वाळूच्या ट्रेवर जी थेरपी चालते तिची सुरुवात इथे.

थोरली हेलेना, लग्नानंतर हेलेना राइट. ही डॉक्टर झाली, सर्जन नवऱ्याबरोबर मिशनचं काम करायला चीनमध्ये शांतुंगला गेली, १९२७ ला परत आली आणि संततिनियमनाच्या कामात पडली. आता आपल्याला याचं काय विशेष, असं वाटेल, कारण आपल्या रघुनाथरावांनी, र. धों. कर्व्यांनी, १९२१ लाच मुंबईत केंद्र काढलं होतं, ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं निघालं त्याच वर्षी. पण कर्व्यांना समाजाने काय दिलं ते आपण जाणतो, नोकरी गेली, खटले झाले, एकट्याने ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. हेलेनाबाईंचा मार्ग वेगळा होता, त्यांनी संस्थांच्या आत शिरून काम केलं. १९३० ला अँग्लिकन चर्चचे बिशप लॅम्बेथला जमले तेव्हा त्यांच्यासमोर जाऊन ही बाई बोलली, आणि त्या परिषदेने अटी घालून का होईना पण संततिनियमनाला परवानगी दिली. चर्चने आधी ज्याचा निषेध केला होता त्यालाच! कर्व्यांचा बाणा मला जास्त जवळचा वाटतो हे खरं, पण हेलेनाबाईंच्या चिकाटीने जे साधलं तेही कमी नव्हतं.

१९४८ ला कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती नेमकी चेल्टनहॅम गावात. तिथे एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, हेलेनाबाई त्या कामात पुढे होत्या. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९५२ मध्ये, पुढची परिषद मुंबईत भरली, धन्वंती रामा रावांच्या कुटुंबनियोजन संस्थेने भरवली, आणि मुंबईतच त्या समितीची जागतिक संस्था झाली, इंटरनॅशनल प्लॅन्ड पॅरेंटहुड फेडरेशन. त्याच सुमारास भारत सरकारने पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम घेतला, असं करणारा जगातला पहिला देश आपला. कर्वे तेव्हा हयात होते, वर्षभराने, ऑक्टोबर १९५३ मध्ये गेले.

माझं बोलणं इथे थांबवतो. रखमाबाईंच्या लंडनमधल्या दिवसांबद्दल किंवा कामा हॉस्पिटलबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आता जरूर विचारा, अजून वेळ आहे.