पूर्ण एक मिनिट मोजा

मंडळी, आज मला एकच गोष्ट बोलायचीय. आपण रेसिडेंटना, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढे शिकणाऱ्या डॉक्टरांना, वॉर्डातलं सिरीयस मूल सांभाळायला छान शिकवतो, पण ओपीडीत आईच्या मांडीवर बसलेलं, नुसतं खोकणारं बाळ नीट बघायला शिकवायचं राहून जातं. श्वास मोज म्हटलं की इंटर्न पंधरा सेकंद मोजून चारने गुणतो. अहो, लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो, मधेच थांबतो, मग भरभर चालतो, म्हणून झबलं वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचं आणि ते सगळ्यात आधी, कारण थर्मामीटर लावला, बाळ रडायला लागलं की मोजणी गेलीच. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, मग वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०, म्हणजे श्वास जलद. औषधांचे डोस पाठ असतात तसेच हे आकडेही पाठ पाहिजेत.

दुसरं, ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायची क्षार-साखरेची पूड. मी रेसिडेंट असताना एका आईला पाकीट दिलं, 'समजलं ना?' विचारलं, ती 'हो' म्हणाली आणि मी पुढचा पेशंट घेतला. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा कळलं की एक लिटरचं पाकीट ती एका पेल्यात कालवत होती, बाळ अजूनच सुकलेलं. ते अजून डोळ्यांसमोर येतं. तेव्हापासून आमच्या ओपीडीत लिटरची बाटली ठेवलीय, आई स्वतः कालवते, इंटर्न बघतो. जुलाबात ओआरएसबरोबर द्यायच्या झिंकच्या गोळीचंही तसंच, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळी बंद होते, म्हणून १४ दिवस का द्यायची हे तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला २० मिलिग्रॅमची अर्धीच गोळी, हेही.

हे शिकवता येतं का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले होते. कमी शिकलेल्या बायकांना हे हातात हात धरून शिकवता आलं, तर आपल्या एमबीबीएसच्या मुलांना का नाही येणार?

आता पीजीला जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम करायचे, तीन महिने असतात. तेवढ्यात एकदा तरी आशाताईंबरोबर तिसऱ्या दिवसाच्या गृहभेटीला जा, आणि तिथे गप्प बसा, त्या वजन कसं करतात, बाळ पाजताना कसं धरायला सांगतात ते बघा. परत आलात की मला डायग्नोसिस नको, बाळ रात्री किती वेळा प्यायलं, आंघोळ कोण घालतं आणि बाळंतीण काय जेवली होती, तेवढं सांगा.