राखीव माळरानातले सरडे

नमस्कार. पत्रिकेवर ‘सरड्यांची विविधता’ असं छापलंय. त्यात मी पाली, सापसुरळ्या आणि घोरपडही धरतो आहे, ही सगळी एकाच गटातली मंडळी. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे या सभागृहात कोणाला पटवायला नको. दख्खनचा माळ हा सॅव्हाना आहे, म्हणजे गवत मुख्य आणि झाडं तुरळक. त्याचे राखीव तुकडे मात्र लहान. रेहेकुरी अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, मयूरेश्वर पाचच्या आसपास. एवढ्याशा जागेत जाती किती टिकतील, हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. पायाखालची जमीन किती तऱ्हांची आहे, त्यावर ठरतं. आज मोजणीची पद्धत सांगायची आहे, पण आधी हे.

गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्याला उघडी जमीन आणि त्यावर वर आलेला दगड लागतो. विणीच्या काळात, पावसाळ्याआधी, नर त्या दगडावर चढून पंखा उघडतो. दगड नसेल तर मादीला तो दिसायचा कुठून? ओफिसॉप्स हा बोटाएवढा सरडा, त्याच्या पापण्या जुळून पारदर्शक झालेल्या. तो गवताच्या ठोंबांमधल्या मोकळ्या फटींतून पळतो. लेपर्ड गेको दिवसभर दगडाखाली किंवा बिळात असतो. त्याच्या पापण्या हलतात आणि बोटांना चिकटपट्ट्या नसतात, त्यामुळे भिंतीवरच्या पालीसारखा तो चढत नाही. सापसुरळीला पालापाचोळा हवा, घोरपडीला बीळ किंवा वारूळ. यांतली एक गोष्ट काढली की तिच्यावर जगणारी जात जाते.

आणि आपण नेमकं तेच करतो! संरक्षण म्हणून माळावर रोपं लावतो, चर खणतो. मशीन आलं की सुटे दगड गोळा होऊन बांधाला जातात, मुरूम उलटापालटा होतो, जमिनीत घातलेली अंडी चिरडली जातात. काही वर्षांत झाडांची सावली पडते. सरड्याचं शरीर उन्हावर तापतं आणि सावलीत निवतं. ऊन आणि सावली हाताच्या अंतरावर असतील तरच त्याला दिवसभर भक्ष्य शोधता येतं. सलग सावलीत तो गारठतो. उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या वर तापलेल्या मुरमावर आडोसाच नसेल तर तासाभरात मरतो. म्हणून बोरी-हिवराचं विरळ झुडूप हवं, दाट रोपवन नको. रोपवनात झाडावर चढणारा बागेतला सरडा मात्र मजेत वाढतो. मोजणारा खूश होतो, ‘सरडे वाढले!’ वाढला तो एकच, आणि तो आपल्या अंगणातही आहे.

आकडा फसवतो, याचं माझं आवडतं उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठाराचं. तिथं पवनचक्क्या आहेत. सरडा सुपर्बा (हे शास्त्रीय नाव) ही पंखेवाल्या सरड्याची तिथली जात २०१६ साली नवी म्हणून वर्णिली गेली. नराचा पंखा निळा, काळा, नारिंगी, फार देखणा! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले आणि सरडे जास्त. पण त्या सरड्यांची तब्येत खालावलेली, रंग फिकट, आणि माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत. गर्दी वाढली होती, अन्न तेवढंच. म्हणजे सरडे जास्त दिसले तरी माळ सुखरूप आहे असं समजायचं नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पद्धत भराभर सांगतो. अभयारण्यात पकडायचं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आधी घ्या. जमिनीच्या प्रत्येक तऱ्हेत पन्नास मीटर लांब, दहा मीटर रुंद पट्टे आखा. दोघांनी अर्धा तास शोधायचं, निदान चार फेऱ्या, पावसाळ्याआधी आणि नंतर वेगवेगळ्या. एकदा न दिसलेली जात ‘नाही’ म्हणून लिहू नका. सकाळी ऊन चढताना एक फेरी आणि रात्री बॅटरी घेऊन दुसरी, नाहीतर पाली आणि गेको निसटतात. दगड आपल्या दिशेला उचला, म्हणजे साप असेल तर दगड मध्ये राहतो, आणि तो जसा होता तसाच परत ठेवा.

सरडे अडकवायला जमिनीत पुरलेल्या बादल्यांना तळाला भोकं, वर सावली, आत ओला स्पंज हवा. सकाळ-संध्याकाळ तपासा. मुंग्या लागल्या तर ती बादली लगेच बंद करा, अडकलेला सरडा त्या जिवंत खातात. मोठे सरडे उडी मारून निघतात, काही पाली भिंत चढतात, म्हणून नुसत्या बादल्यांवरून यादी करू नका. काम नसेल तेव्हा झाकणं घट्ट लावा.

प्रत्येक तऱ्हेची नोंद वेगळ्या पानावर हवी, सगळं एकत्र केलं की कुठला आसरा गेला ते कळत नाही. फोटो वरून, बाजूनं आणि पायाच्या बोटांचा जवळून घ्या. तेवढा मिळाला नाही तर ‘ओफिसॉप्स, जात अनिश्चित’ लिहा आणि पुढे चला.