रविवारी दुपारी घर बघू नका

(दृश्य: बदलापूर स्थानकाबाहेरचा रस्ता, रविवार दुपार. रिक्षा रांगेत उभ्या, गर्दी तुरळक.)

मुंबईत नोकरी लागल्याचा आनंद दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी घराची शोधाशोध सुरू होते. सांगलीहून, लातूरहून, जळगावहून आलेली मुलं-मुली आधी ठाण्याची भाडी ऐकतात, मग डोंबिवलीची ऐकतात आणि शेवटी एखादा मामा नाहीतर मावसभाऊ सुचवतो, बदलापूरला बघ. हवा चांगली आहे, भाडं परवडेल.

मामा खोटं बोलत नाही. मध्य रेल्वेचा मार्ग कल्याणला फुटतो. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कर्जतच्या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर. एवढ्या लांब आल्यावर भाडं उतरणारच.

एजंट बोलावतो रविवारी. त्या दिवशी तुम्हालाही सुट्टी आणि घरमालकालाही. स्टेशनाबाहेर रिक्षा लगेच मिळते, रस्ता मोकळा असतो. पाचव्या मजल्याच्या खिडकीतून चंदेरी किल्ल्याचा सुळका दिसतो, वारा सुटलेला असतो. घर आवडतं. एजंट म्हणतो, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, पाच हजार टोकन देऊन टाका.

टोकन देऊ नका. हेच घर आपण सोमवारी सकाळी बघू, पाणी सुटायच्या वेळी बघू आणि पावसाचा अंदाज घेऊन बघू. राहायला आल्यावर तुमच्या वाट्याला रोज येणार आहेत त्या या वेळा. रविवारची दुपार आठवड्यातून एकदाच येते.

(दृश्य: सोमवार, सकाळचे सात. फलाट. माणसांच्या डोक्यांवरून दिसणारा इंडिकेटर.)

रविवारी मध्य रेल्वेवर बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो, म्हणजे देखभालीच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात, त्यामुळे त्या दिवशीच्या प्रवासावरून कसलाच अंदाज येत नाही. सोमवारी किंवा मंगळवारी, ऑफिसच्या वेळेला पोहोचायचं ठरवून, त्या घराच्या दारापासून निघा. दारापासून. जाहिरातीत ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ लिहिलेलं असतं, ती दहा मिनिटं रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकलने मोजलेली असतात. तुम्हाला शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचंय, मग पुलाचे जिने चढायचेत, मग फलाट गाठायचाय. घर पूर्वेला आहे की पश्चिमेला, हे विचारून घ्या आणि स्टेशन कुठल्या अंगाने ओलांडावं लागतं तेही चालून बघा.

गाडी कुठून सुटते, हा इथला खरा प्रश्न आहे. कर्जत किंवा खोपोलीहून येणारी लोकल वांगणी-नेरळकडूनच भरून येते. बदलापूरहून सुटणारी लोकल मोकळी मिळेल असं वाटतं, पण पुढच्या स्टेशनांवरची काही मंडळी उलटी येऊन त्याच गाडीत जागा धरून बसलेली असतात. तेव्हा वेळापत्रकातल्या गाड्या मोजून भागत नाही. तुमच्या वेळेची गाडी कोणती, ती बदलापूरहून सुटते का, जलद आहे की धीमी, आणि तिच्यात उभं राहायला तरी नीट जागा मिळते का, हे त्या फलाटावर उभं राहूनच कळतं. ती चुकली तर पुढची किती वेळाने, हेही बघून ठेवा. कल्याणपुढे गाड्यांची संख्या कमी होते आणि एक लोकल चुकल्याची किंमत इथे ठाण्यापेक्षा खूप जास्त पडते.

गर्दीला सगळे सरावतात, असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर भरलेल्या गाड्यांच्या दारातून माणसं रुळांवर पडली आणि त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. कर्जत-कसाऱ्याकडून मुंबईत शिरणारा प्रत्येक प्रवासी त्याच भागातून रोज जातो. भाड्यात वाचणाऱ्या दोन-तीन हजारांसाठी दारात लटकावं लागणार असेल, तर ते घर स्वस्त नाही. भायखळ्याला किंवा लोअर परळला नोकरी असणाऱ्याने बदलापूरचा विचार दोनदा करावा. ठाण्यात, ऐरोलीत किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम असेल, तर हेच बदलापूर सोयीचं ठरू शकतं. उपनगर चांगलं की वाईट, हे तुमचं ऑफिस कुठे आहे यावर निम्मं ठरतं.

संध्याकाळी परत या, तेही गर्दीच्या वेळेलाच. नऊ-साडेनऊला स्टेशनाबाहेर पडून घरापर्यंत चाला. दिवे लागलेत का, दुकानं उघडी आहेत का, वाटेत मोकळा प्लॉट किंवा बंद पडलेलं बांधकाम किती लांब पसरलंय, हे बघा. मुलींनी हा फेरफटका कुणाला तरी सोबत घेऊन एकदा नक्की करावा आणि लेडीज डब्यातल्या बायकांशी बोलावं. रात्री उशिरा शेअर रिक्षा मिळते का, की एकटीला पूर्ण रिक्षा करावी लागते, हे त्या सांगतील.

(दृश्य: इमारतीचं फाटक. कुंपणाला लटकवलेला जाड पाइप. आत जमिनीतली पाण्याची टाकी.)

आता पाणी. घर बघताना सगळे स्वयंपाकघरातला नळ सोडून बघतात आणि पाणी येतं म्हणून समाधान मानतात. ते पाणी गच्चीवरच्या टाकीतलं असतं. टाकीत ते कुठून आलं, हे विचारायचं असतं. बदलापूर-अंबरनाथला पाणी पुरवतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, आणि इथली मोठी भिस्त उल्हास नदीवर आहे. उन्हाळ्यात दाब कमी होतो, काही भागांत वेळा बदलतात, आणि उंचावरच्या किंवा वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या इमारतींना त्याची झळ आधी बसते.

खाली उतरून वॉचमनला विचारा, टँकर कधीपासून कधीपर्यंत येतो? ‘येतो का’ विचारलंत तर नाही म्हणणं सोपं जातं. फाटकाजवळ जाड पाइप लटकत असेल, जमिनीतल्या टाकीच्या झाकणाभोवती कायमची ओल असेल, तर उत्तर दिसतंच आहे. बाथरूमच्या नळांवर पांढरे थर साचले असतील तर पाणी बहुधा बोअरवेलचं आहे. टँकरचा खर्च देखभाल शुल्कात धरलाय की भाडेकरूकडून वेगळा घेतात, हेही त्याच वेळी विचारून घ्या. भाड्याचा आकडा ऐकून आपण खूश होतो, आणि मग मे महिन्यात पाण्याची वेगळी पावती हातात येते.

मे महिन्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. समुद्रापासून आत असल्यामुळे बदलापूरचा उन्हाळा कुलाब्याच्या उन्हाळ्यासारखा नसतो. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. सगळ्यात वरचा मजला स्वस्त मिळत असेल तर स्लॅब तापल्यावर दुपारी चार वाजता त्या खोलीत अर्धा तास बसून बघा.

(दृश्य: पावसाळा. उल्हास नदीचं लालसर पाणी. २०१९ मधल्या वांगणीजवळच्या पुराची छायाचित्रं.)

पावसात हे गाव कसं असतं, हे माहीत नसेल तर घर घेऊच नये, इतक्या स्पष्टपणे मी हे सांगेन. उल्हास नदी गावाच्या पश्चिमेकडून वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच वेळी उल्हासच्या काठावरही हाहाकार उडाला होता, त्याची आठवण मुंबईकर फारशी काढत नाहीत. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. नदीच्या बाजूच्या हेंद्रेपाड्यासारख्या भागांतल्या लोकांना जुलैमधल्या रात्री झोप लागत नाही, ती उगाच नाही.

जलसंपदा विभाग नद्यांच्या काठाने दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर या रेषांच्या कुठल्या बाजूला येतं, हे नगरपरिषदेत विचारता येतं. पण कोरड्या दिवसांतही इमारत स्वतःच बरंच सांगते. तळमजल्यावरचे विजेचे मीटर बघा. ते छातीच्या वर उचलून बसवले असतील, तर कुणीतरी एकदा पाणी आत आलेलं पाहिलंय. जिन्याजवळच्या भिंतीवर ठरावीक उंचीपर्यंत नवा रंग आणि वर जुना, असं दिसलं तर थांबा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खालचे दोन फळ्यांचे कप्पे रिकामे का ठेवलेत, ते विचारा. पाऊस वाढला की लोक गाड्या कुठे नेऊन लावतात, हे रिक्षावाल्या काकांना विचारा. ही माणसं अंगाशी आलेलं सांगतात. त्यांना तुमच्याकडून कमिशन मिळणार नसतं.

पूर्वेला खरवई आणि माणकिवलीच्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे, रासायनिक कारखाने आहेत. तिकडे घर बघत असाल तर रात्री दहानंतर एकदा गच्चीवर उभे राहा. रसायनांचा उग्र वास बऱ्याचदा रात्री जाणवतो, दुपारी काहीच कळत नाही. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर ही फेरी चुकवू नका.

(दृश्य: कागदांची फाइल. भोगवटा प्रमाणपत्र. करारावरचे अंगठ्याचे ठसे.)

कागद म्हणजे घर विकत घेणाऱ्याचं काम, असा एक समज आहे. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून या इमारतींसाठी महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, नोंदणी क्रमांक मिळवले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. अशा इमारतीत भाड्याने राहणाऱ्यालाही सामान उचलावं लागतं आणि अनामत रकमेसाठी मालकाच्या मागे फिरावं लागतं. म्हणून महारेराचा क्रमांक बघून थांबू नका. नगरपरिषदेचं किंवा महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला दिलेली परवानगी, आहे का, ते विचारा. ते नसलेल्या इमारतीला पाण्याची रीतसर जोडणी मिळायलाही अडचण येते, त्यामुळे टँकरची तक्रार आणि कागदांची तक्रार अनेकदा एकाच इमारतीत सापडते.

करार नोंदणीकृतच करा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं एजंट सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी नसताना वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. खर्चही फार नाही. मुदतीचं एकूण भाडं, त्यात अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. दहा हजार भाडं, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिने धरले, तर ते तीनशे रुपयांच्या आत बसतं. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंटने याचे पाच-सहा हजार सांगितले, तर हिशेब कागदावर मागा.

मेट्रोबद्दल थोडंसं. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो १४ नियोजनात आहे, कल्याण ते बदलापूर रेल्वेची तिसरी-चौथी मार्गिका हाती घेतलेली आहे. घर विकत घेणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा. तुम्ही अकरा महिन्यांसाठी येताय. भाडं आजच्या गाड्यांचं आणि आजच्या रस्त्याचं द्या.

(दृश्य: इमारतीखालची इस्त्रीची टपरी. ढिगाने रचलेले कपडे.)

सगळ्यात खरी माहिती इस्त्रीवाल्याकडे असते. प्रत्येक घरातले कपडे त्याच्याकडे येतात, कोण आलं, कोण सोडून गेलं, त्याला माहीत असतं. त्याला विचारा, या इमारतीतले भाडेकरू साधारण किती महिने टिकतात? सतत चार-सहा महिन्यांत माणसं जात असतील, तर कारण शोधा. कधी पाणी असतं, कधी मालक अनामत परत करत नाही, आणि कधी सोसायटीचा त्रास असतो. एकट्या मुलींना मैत्रिणी घरी आणायला बंदी, अविवाहित मुलांना रात्री दहानंतर फाटक बंद, आडनाव ऐकून नकार, ताटात काय असतं त्यावरून नकार. हे आपल्याच शहरांत रोज घडतं आणि ते लाजिरवाणं आहे. ज्या मजल्यावर राहायचंय तिथल्या दोन शेजाऱ्यांशी पैसे देण्याआधी बोला. सोसायटीला भाडेकराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. त्यापलीकडे कोणते नियम भाडेकरूला लावतात, ते सचिवांकडून लेखी मागा.

एवढं करूनही घर पसंत पडलं, तर सही करायच्या आधी करारातलं लॉक-इनचं कलम वाचा. लॉक-इन म्हणजे तेवढे महिने घर सोडायचं नाही, सोडलं तर भाडं भरायचंच. उन्हाळ्यात किंवा त्याआधी राहायला येणार असाल, तर लॉक-इन पावसाळ्याच्या तोंडाशी संपेल असं मालकाशी बोलून ठरवा. त्यानंतर एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. अनामत रक्कम किल्ली परत दिल्याच्या दिवशीच मिळेल, हेही त्यात शब्दांत लिहून घ्या.